आठ फुटी ताडपत्रीखाली झोळी: कात्री लावण्याआधी काय करून पाहावे?

वळचण

बेळगाव, खानापूर आणि सीमेपलीकडचा चंदगड या पट्ट्यात दोन झाडांमध्ये झोळी बांधून तिच्यात रानात रात्र काढणारी मंडळी आता बरीच झाली आहेत. त्यांपैकी अनेकांकडे माझ्यासारखीच आठ फूट बाय आठ फूट मापाची छोटी ताडपत्री असते, म्हणून हा धागा काढत आहे. माझी ताडपत्री पॉलिएस्टरची, आतून पीयूचा (पाणी अडवणाऱ्या पॉलियुरेथेनचा) थर दिलेली, २.४ मीटर बाय २.४ मीटर मापाची आहे. झोळीचे कापड १० फुटी, म्हणजे ३.०५ मीटर लांबीचे आहे. गेल्या ऑक्टोबरात जांबोटीजवळ एका मित्राच्या काजूच्या बागेत परतीच्या पावसात मी ही जोडी वापरली आणि रात्री दोन वाजता पाय ओले झाल्यामुळे जागा झालो.

उरलेली रात्र मी बॅटरीच्या उजेडात, पाणी नेमके कोठून आत येते हे पाहण्यात घालवली. झाडाकडून झोळीकडे उतरणाऱ्या दोरावर एक थेंब जमत होता, दोराच्या पोटाला चिकटून हळूहळू खाली सरकत होता, गाठीशी येऊन क्षणभर फुगत होता आणि मग गाठ ओलांडून सरळ झोळीच्या चुण्यांत शिरत होता. त्याच्यामागून लगेच दुसरा येत होता. तासाभरात पायांकडचे हातभर कापड भिजले ते केवळ या एका वाटेने. दुसरी वाट उघड्या टोकाची होती, कारण पश्चिमेकडून येणारी सर पायांच्या बाजूने तिरकी आत येत होती. तिसरी वाट आढ्याची, म्हणजे ताडपत्रीच्या मधल्या उंच रेषेची होती. ताडपत्रीचे मधले आढे सैल पडून इतके खाली आले होते की झोळीचा काठ त्याला टेकला होता आणि टेकलेल्या जागी आतल्या बाजूचे दव कापडात उतरत होते.

घरी आल्यावर मोजमाप केले, तेव्हा निम्मी चूक कागदावरच सापडली. झोळी टांगल्यावर तिच्या दोन टोकांमधले अंतर कापडाच्या लांबीच्या साधारण ८३ टक्के असावे असा झोळीवाल्यांचा आडाखा आहे. माझ्या झोळीसाठी ते सुमारे २.५३ मीटर येते, आणि मी ताडपत्री सरळ, काठांना समांतर टाकली होती, म्हणजे आढे फक्त २.४ मीटरचे होते. झोळीची दोन्ही टोके सहा-सहा सेंटिमीटर बाहेर पावसात होती. तीच ताडपत्री कोपऱ्यावर फिरवून कर्णावर टांगली तर आढे ३.३९ मीटरचे मिळते आणि प्रत्येक टोकाला ४३ सेंटिमीटर आच्छादन उरते. त्यासाठी एक पैसाही खर्च होत नाही आणि एक टाकाही घालावा लागत नाही.

मात्र कर्णावर टांगल्यावर नवी अडचण उभी राहते. मध्यावर दोन्ही पाखी, म्हणजे आढ्याच्या दोन बाजूंचे उतार, भरपूर रुंद असतात, पण टोकाकडे ती निमुळती होतात. झोळीचे टोक जेथे येते तेथे पाख्याची रुंदी आढ्यापासून जेमतेम ४३ सेंटिमीटर भरते. झोळीत माणूस सरळ झोपत नाही, तिरका झोपतो, त्यामुळे डोके एका बाजूला आणि पाय दुसऱ्या बाजूला सरकतात आणि नेमके तेथेच कापड अपुरे पडते.

माझे प्रश्न दोन आहेत. चारही काठ आतल्या बाजूला कमानीसारखे कापले की ताडपत्री घट्ट बसते आणि फडफडत नाही असे पुष्कळ जण सांगतात. एवढ्या लहान ताडपत्रीवर ते करावे का? आणि टोकांना जादा कापड जोडायचे असेल तर शिवावे की सुटे ठेवावे?

कौलारू

माझे मत स्पष्टपणे मांडतो. ३ मीटर बाय ३ मीटरची ताडपत्री घ्यावी आणि हा सगळा खटाटोप टाळावा. आमच्या भागात जुलैत जो पाऊस पडतो त्याच्यापुढे आठ फुटी कापडाने टिकाव धरावा अशी अपेक्षा करणे योग्य नाही. पावसाच्या कोनाचा विचार करा. जोरदार सरीतला मोठा थेंब सेकंदाला ८ ते ९ मीटर वेगाने खाली येतो, त्यामुळे मध्यम वाऱ्यात तो फारसा तिरका होत नाही. पण घाटमाथ्यावर दिवसभर चालणाऱ्या झिमझिमीतला बारीक थेंब सेकंदाला जेमतेम २ मीटर खाली येतो, आणि वाराही सेकंदाला २ मीटरच असला तरी तो थेंब ४५ अंशांत आत शिरतो. म्हणजे लहान ताडपत्रीला खरा धोका मुसळधार सरीपेक्षा या बारीक पावसाचा अधिक असतो, आणि कणकुंबीपासून चोर्ल्यापर्यंत तर तोच अधिक वेळ पडत असतो.

वळचण

कौलारूदादा, थेंबाच्या वेगाचा मुद्दा माझ्या लक्षातच आला नव्हता. त्या रात्री पाऊस अगदी बारीक असूनही मी भिजलो, याचे उत्तर त्यात मिळाले. मोठी ताडपत्री घ्यायला माझी हरकत पैशांची नाही. ३ बाय ३ मीटरचे क्षेत्रफळ ९ चौरस मीटर होते, माझे ५.७६ आहे. म्हणजे दीडपटीहून अधिक कापड वाऱ्यापुढे उभे करायचे, तेवढाच जास्त ताण मेखांवर घ्यायचा आणि काजूच्या बागेत, जेथे फांद्या डोक्याच्या उंचीवर पसरलेल्या असतात, तेथे ते पसरायला जागा शोधायची. मी जून ते सप्टेंबरचा भर सोडून, म्हणजे वळवाच्या आणि परतीच्या पावसात बाहेर पडतो, आणि तेवढ्यासाठी आहे तेच कापड सुधारता येईल असे मला मनापासून वाटते.

उरेब

माझे आजोळ शहापूरचे आहे आणि गेली अनेक वर्षे मी शिवणकामच करते, म्हणून कापडाच्या बाजूने लिहिते.

तुमचे आढे सैल का पडले आणि कर्णावर टांगल्यावर ते आणखी का सैल पडेल, हे आधी समजून घ्यावे. विणलेल्या कापडाचे उभे आणि आडवे धागे सहजासहजी लांबत नाहीत. पण कापड कर्णावर ओढले की दोन्ही धागे कात्रीच्या पात्यांसारखे एकमेकांवर तिरके होतात आणि कापड लांबते. आम्ही याला उरेब म्हणतो. ब्लाउजच्या गळ्याला उरेब पट्टी लावतात ती याच गुणासाठी, कारण तिला वळण घेता येते. तुम्ही ताडपत्री कोपऱ्यावर फिरवली की तुमचे संपूर्ण आढे उरेबात जाते. ते कितीही ताणा, तासाभराने पुन्हा झोक घेणारच, आणि ओल्या हवेत लवकर घेईल. तुमचे कापड पॉलिएस्टरचे आहे हे बरे, कारण नायलॉन पाणी शोषून आणखी सैल होते.

यावर आढ्याच्या रेषेत निवारीची पट्टी शिवावी असे कोणाच्याही मनात येईल, पण तसे करू नये. आढ्यावरून गेलेल्या प्रत्येक टिपेबरोबर सुईची शेकडो भोके तुमच्या डोक्यावर येतील. त्याऐवजी एका झाडापासून दुसऱ्या झाडापर्यंत एक सलग दोर घट्ट बांधावा, ताडपत्री त्याच्यावर टाकावी आणि तिचे दोन कोपरे त्या दोरावर सरकगाठीने धरावेत. भार दोर उचलेल. कापडाने फक्त पाणी अडवायचे.

आता काठ कापण्याविषयी. २.४ मीटरच्या काठाला मध्यावर फक्त १० सेंटिमीटर खोल कमान दिली, तर एका काठाचे सुमारे ०.१६ चौरस मीटर कापड जाते. चार काठांचे ०.६४ होते, म्हणजे तुमच्या ताडपत्रीचा नववा हिस्सा कात्रीखाली जाईल, आणि तोही नेमका त्या काठांवरचा जेथे तुम्हाला कापड आधीच कमी पडते आहे. मोठ्या ताडपत्रीला ही कमान शोभते. दोन खिळ्यांना साखळी सैल टांगून तिचा झोक भिंतीवर खडूने उतरवून घेतला की सुंदर वक्र मिळतो. पण तुमच्या मापाला कात्री लावू नका. शिवाय कर्णावर टांगल्यावर तुमचे काठ सरळ धाग्यावर येतात, उरेबात राहत नाहीत, त्यामुळे ते कोपऱ्याकडून ओढले की बऱ्यापैकी घट्ट बसतात.

कोपऱ्यांना आयलेट असतील तर ताण त्यांच्यावर देऊ नका. वाऱ्याच्या झटक्याने आयलेटची कडी कापड कुरतडते. कोपऱ्यावर दोन्ही बाजूंनी ठिगळ लावा, पण ठिगळाचा आतला काठ गोल कापा, कारण चौकोनी ठिगळाच्या टोकापाशी ताण एकवटतो आणि कापड तेथूनच फाटायला सुरुवात होते. त्यावर निवारीचा फास चौकोनी टिपेने शिवा आणि चौकोनात फुली मारा. दोरा पॉलिएस्टरचा, सुई १४ नंबरची आणि टीप ३ ते ४ मिलिमीटर लांब घ्या. बारीक टीप अशा कापडाला तिकिटासारखी फाडते. शिवताना टाचण्या लावू नका, कपडे वाळत घालायचे चाप लावा. शेवटी टिपेवर पीयूचाच सीलर, म्हणजे भोके बुजवणारा लेप, फिरवा. सिलिकॉन सिलिकॉनच्या कापडावर धरते, पीयूच्या थरावरून ते काही दिवसांत सालपटासारखे निघते.

जांबोटी_नाका

ताईंनी कापडाचे सांगितले, मी जमिनीचे आणि वाऱ्याचे सांगतो, कारण माझी शेती याच भागात आहे.

आमच्याकडे आजी-आजोबांच्या काळी भाताच्या लावणीला इरले असायचे. बांबूच्या कामट्यांच्या जाळीत पाने भरून केलेले इरले पाठीवर घेऊन दिवसभर वाकून काम करता येत असे. त्यात पाने भरताना वरचे पान खालच्या पानावर यावे आणि टोक नेहमी उताराकडे असावे हा नियम कोणी मोडत नसे. तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर त्यातच आहे. टोकांना जोडायचे कापड ताडपत्रीला शिवू नका. त्याची सुटी झापडी करा, तिचा वरचा काठ ताडपत्रीच्या काठाखाली चांगला वीतभर सरकवा आणि नाड्यांनी बांधा. वरचे पाणी झापडीच्या पाठीवर पडेल आणि तेथून जमिनीवर जाईल. मंगलोरी कौलांचेही हेच गणित आहे. उलट बांधलीत, म्हणजे झापडी वर आणि ताडपत्री खाली, तर तेच पाणी आत येईल.

आता वारा. पावसाळ्यातला वारा पश्चिमेकडून आणि नैर्ऋत्येकडून येतो, हे ठरलेले आहे. त्यामुळे ताडपत्रीचा एक बाजूचा कोपरा तिकडे करून तो गुडघ्याच्याही खाली बांधा आणि दोन्ही झापड्या त्याच बाजूच्या दोन काठांवर लावा. दुसरी बाजू उंच ठेवली तरी चालते, उलट हवा खेळती राहते. वळवाचे मात्र वेगळे आहे. एप्रिल-मे महिन्यांतला वळीव संध्याकाळी येतो, वारा पाच मिनिटांत फिरतो आणि कोणत्याही दिशेचा होतो, म्हणून तेव्हा दोन्ही कोपरे खाली घ्यावेत आणि आढे झोळीच्या अगदी जवळ, वीतभर अंतरावर आणावे. विजा असतील तर माळावरच्या एकट्या झाडाला झोळी बांधूच नये.

मेखांचे सांगतो. आमच्याकडे एक तर तांबडी माती आहे किंवा जांभा दगड आहे. भिजलेल्या तांबड्या मातीतून लोखंडी बारीक मेख सहज निघून येते, तेथे हातभर लांबीची, पसरट, बांबूची मेख तिरकी ठोकावी. सड्यावर, जेथे जांभ्याचा कातळच उघडा असतो, तेथे मेख ठोकण्याचा प्रयत्न सोडून द्यावा आणि दोर मोठ्या दगडाभोवती गुंडाळून त्यावर दुसरा दगड ठेवावा.

सिल्पॉलीन, म्हणजे प्लास्टिकची ताडपत्री, वापरणाऱ्यांसाठी एक सूचना. त्याला टीप मारू नये, भोक पडले की ते तेथून लांबत जाते. लिंबाएवढा गुळगुळीत गोटा आतून ठेवून बाहेरून त्याच्या मानेशी दोर आवळावा. भोक न पाडता कोठेही पक्का फास तयार होतो.

सह्यवाट

ही सगळी चर्चा खासगी बागांपुरती असेल असे गृहीत धरतो, तरी नव्या लोकांसाठी लिहून ठेवतो. खानापूर तालुक्यातले भीमगड २०११ पासून अभयारण्य आहे. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ प्रमाणे वनखात्याच्या परवानगीशिवाय तेथे जाता येत नाही, मग झोळी बांधून राहणे दूरच. चोर्ला रस्त्याच्या कडेला जंगल दिसले म्हणून कोणी तेथे उतरू नये. शेतमालकाला विचारून त्याच्या बांधावरची दोन झाडे मिळवणे हाच बरोबर मार्ग आहे, आणि झाडाला दोर न बांधता निदान दोन बोटे रुंदीचा पट्टा बांधावा, म्हणजे साल कापली जात नाही.

वळचण यांना एक प्रश्न: आढ्याचा दोर आणि झोळीचा दोर तुम्ही एकाच पट्ट्यावर घेतला होता का?

वळचण

होय, एकाच पट्ट्यावर घेतला होता, आणि ती चूक होती असे आता वाटते. झोळीचा दोर जमिनीशी ३० अंशांचा कोन करत असेल तर प्रत्येक बाजूच्या दोरावर साधारण झोपणाऱ्याच्या वजनाइतकाच ताण येतो. तोच दोर १० अंशांइतका सपाट ओढला तर ताण जवळजवळ तिप्पट होतो. मी सपाट ओढला होता. काजूची ती झाडे फार जाड नव्हती, मी झोळीत बसताच ती आत झुकत असणार आणि आढे सैल पडत असणार. पुढच्या खेपेस आढ्याचा दोर वेगळा आणि वर बांधतो. प्रयोग करून येथेच लिहीन.

वळचण (जूनच्या अखेरीस)

मोसमी पाऊस सुरू झाल्यावर त्याच बागेत दोन रात्री काढून आलो. भर पावसाळ्यात जाणार नाही असे म्हणालो होतो, पण परीक्षा खरी व्हावी म्हणून मुद्दाम गेलो. जे केले ते असे.

ताडपत्री कर्णावर टांगली, खालून सलग दोर घेतला आणि तो झोळीच्या पट्ट्यापेक्षा हातभर वर, वेगळ्या पट्ट्यावर बांधला. काठ कापले नाहीत. ताईंनी सांगितल्याप्रमाणे चारही कोपऱ्यांना गोल ठिगळ आणि निवारीचे फास शिवले. टोके सोडून उरलेल्या दोन कोपऱ्यांच्या दोरांत सायकलच्या जुन्या ट्यूबची बोटभर रुंद पट्टी घातली, त्यामुळे झाडे झुकली तरी पाखी ताणलेली राहिली. आईच्या एका जुन्या लांब रेनकोटची पाठ आणि पुढची बाजू यांतून दोन त्रिकोणी झापड्या कापल्या. त्यांचा पाया १.१ मीटर आणि उंची ५५ सेंटिमीटर आहे. त्या पश्चिमेकडच्या दोन काठांवर, टोकापासून सुरू होतील अशा, काठाखाली सरकवून तीन-तीन नाड्यांनी बांधल्या.

पहिल्या रात्री एकच चूक झाली आणि ती सर्वांना उपयोगी पडावी म्हणून सविस्तर लिहितो. दोरावरून येणारे पाणी तोडण्यासाठी परकराची सुती नाडी दोराला बांधून खाली लोंबती सोडायची हे मला ठाऊक होते, पण मी ती ताडपत्रीच्या बाहेर, झाडाच्या बाजूला बांधली. नाडीने झाडाकडून येणारे पाणी बरोबर तोडले. मात्र नाडी आणि ताडपत्रीचा काठ यांच्यामधल्या वीतभर उघड्या दोरावर जो पाऊस पडत होता, तो पुढे आत येतच राहिला. मध्यरात्री उठून दोन्ही नाड्या ताडपत्रीच्या छायेत, झोळीच्या गाठीपासून चार बोटे अलीकडे आणल्या, आढ्याच्या दोरालाही टोकांच्या आत दोन बांधल्या, आणि पाणी थांबले. नाडी सुतीच हवी, कारण ती पाणी शोषून खाली ओढते. आधी लावून पाहिलेल्या नायलॉनच्या दोरीवरून काही थेंब उडी मारून पुढे जात होते.

दुसऱ्या रात्री पहाटेपर्यंत बारीक पाऊस आणि वारा होता. झोळी कोरडी राहिली. पांघरुणाला बाहेरून हलका ओलसरपणा होता, पण तो तुषारांचा होता आणि कौलारूदादांनी सांगितलेले बारीक थेंबाचे गणित त्यातून पुरेपूर पटले. जांभ्यावर आपटून उडालेले तांबडे पाणी पूर्वेकडच्या उंच बाजूने झोळीच्या पोटापर्यंत आले होते, त्याचे डाग गेले नाहीत.

एक शंका राहिली आहे. पश्चिमेकडचे पाखे आत झुकू नये म्हणून त्याच्या मध्यावर मी मलप्रभेतला एक गोटा घालून फास घेतला होता. सकाळी सोडल्यावर तेथे आतल्या पीयूच्या थरावर पांढरी सुरकुती दिसली. ती गळेल का?

कौलारू

दोन्ही रात्रींचे तपशील प्रामाणिकपणे लिहिलेत याबद्दल आभार. तुषारांचे लिहिलेत त्यावरून जुलैसाठी मी माझ्या मोठ्या ताडपत्रीवरच ठाम आहे, पण परतीच्या पावसाला तुमची मांडणी मीही करून पाहणार आहे. नाडी छायेत बांधण्याची गोष्ट तर माझ्या मोठ्या ताडपत्रीलाही लागू पडते, तेथेही मी ती बाहेरच बांधत आलो.

उरेब

पांढरी सुरकुती म्हणजे थर तेथे दुमडून चिरला आहे. आज गळणार नाही, पण त्याच जागी चार-पाच वेळा फास घेतला तर गळेल. कापडाच्या आतल्या बाजूने, सुरकुतीच्या भोवती रुपयाच्या नाण्याएवढा सीलर पातळ लावा आणि एक रात्र वाळू द्या. पुढच्या वेळी गोट्याऐवजी लहान रबरी चेंडू घ्या, दोर आवळण्याआधी त्याच्यावर जुन्या सुती कापडाची एक घडी ठेवा आणि फास दर खेपेला दोन बोटे बाजूला सरकवा. ताडपत्री घरी आणल्यावर ओली गुंडाळून ठेवू नका, सावलीत पूर्ण वाळवा. दमट घडीत राहिलेला पीयूचा थर काही वर्षांत चिकट होतो, आणि मग कोणताही सीलर त्याला वाचवू शकत नाही.